फाटका आवाज, सारख्या चाली आणि बारा बार : डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' ऐकताना

प्रश्न : वय पन्नाशीपुढे. आजवर शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि भावगीतं ऐकत आलो. मुलीने बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराचा १९९७ चा 'टाइम आउट ऑफ माइंड' हा अल्बम लावून दिला. दोनदा ऐकला. आवाज फाटका, चाली एकसारख्या आणि सगळं मरणाचं नि विरहाचं रडगाणं. तरी लोक याला उत्तरायुष्यातली थोर कलाकृती म्हणतात. यात मी नेमकं काय ऐकायचं? आणि २०२३ मध्ये आलेलं नवं मिक्स ऐकू की मूळ?

उत्तर : मिक्सचं, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगमधल्या आवाज-वाद्यांच्या जुळणीचं, आधी सांगून टाकतो. पहिल्यांदा मूळच ऐका. का, ते पुढे येईलच. बाकीच्याला मात्र जरा वेळ लागेल. मी गिटार वाजवतो आणि शिकवतो. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची जुनी गायनपरंपरा, शिकायला येणाऱ्यांना मी हा अल्बम हमखास ऐकवतो, आणि ज्यांचा कान शास्त्रीयवर पोसलेला आहे ते साधारण तुमच्याच तीन तक्रारी करतात: आवाज, चाली, रडगाणं. उलट्या क्रमाने घेऊ, कारण रडगाण्याची कल्पना एकदा डोक्यातून गेली की बाकीच्या दोन्ही तक्रारी आपोआप हलक्या होतात.

डिलनचा जन्म २४ मे १९४१ चा. ही गाणी रेकॉर्ड झाली जानेवारी १९९७ मध्ये, मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत. म्हणजे गाणारा माणूस ५५ वर्षांचा. ख्यालगायकाच्या बाबतीत या वयाला आपण 'आता कुठे गाणं मुरलंय' म्हणतो. मग मे महिन्यात तो आजारी पडला. हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यातून हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली. बरा झाल्यावर 'आता (कधीच वारलेल्या) एल्व्हिस प्रेस्लीची गाठ पडणार असं वाटलं होतं' अशा अर्थाचं काहीतरी बोलून तो मोकळा झाला. २७ सप्टेंबरला इटलीत बोलोन्या इथे पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासमोर गायला आणि ३० सप्टेंबरला अल्बम बाजारात आला. वर्तमानपत्रांना आयती गोष्ट मिळाली: मरणाच्या दारातून परतलेला कवी आणि त्याची निरवानिरवीची गाणी. तारखा कोण बघतो! आजार मे महिन्यातला, गाणी जानेवारीतली.

दुसरं असं की मरणाची गाणी त्याने म्हातारपणासाठी राखून ठेवलेली नव्हती. त्याचा पहिला अल्बम मार्च १९६२ चा, रेकॉर्ड केला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यात ब्लाइंड लेमन जेफरसनचं 'माझं थडगं स्वच्छ ठेवा' या अर्थाचं गाणं आहे, बुका व्हाइटचं 'मरायला टेकलोय' आहे, शेवटच्या घटकेचं आणखी एक आहे. मिनेसोटातल्या हिबिंग गावात वाढलेलं, मिसरूड फुटलेलं पोर सत्तरीतल्या कृष्णवर्णीय गायकाचा आवाज काढतंय! ते सोंग होतं, आणि अव्वल सोंग होतं. पंचावन्नाव्या वर्षी त्याला आवाज काढावा लागत नाही, एवढाच फरक. आणि ज्याला सगळ्यांनी निरोपाचा अल्बम ठरवलं, त्यानंतरही तो थांबला नाही. 'रफ अँड राउडी वेज' २०२० मध्ये आला, वयाच्या ७९ व्या वर्षी.

थोडक्यात, मरण, रस्ता, सोडून गेलेली बाई, बंद झालेलं दार हे सगळं या परंपरेचं नेहमीचं सामान आहे. ठुमरीत सैंया, सौतन आणि बिदेस असतात तसं. ठुमरी ऐकताना 'हिचा नवरा खरंच परदेशी गेलाय का' असं आपण विचारत नाही. इथेही ते विचारू नका. शब्द काय आहेत यापेक्षा ते ठेक्यात कुठे आणि कसे टाकलेत, याकडे कान लावा. मला या अल्बमबद्दल मुख्यतः सांगायचंय ते हेच.

आता चाली. ब्लूजचा साचा एकदा समजला की 'सगळं सारखंच' ही तक्रार राहत नाही. हा साचा बारा बारचा असतो. बारा मात्रा नव्हेत बरं का; एकतालाशी गल्लत करू नका. एका बारमध्ये चार मात्रा, असे बारा बार, म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचं. त्याचे चार-चार बारचे तीन भाग. पहिला भाग षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार स्वर), दुसरा मध्यमाच्या कॉर्डवर जाऊन परत षड्जावर, तिसरा पंचमावरून उतरत षड्जावर. यात बारीकसारीक फरक पुष्कळ होतात, पण हाडं हीच. प्रत्येक भागात एक ओळ. पहिली ओळ गायची, तीच दुसऱ्या भागात पुन्हा गायची, आणि तिसऱ्या भागात तिला उत्तर द्यायचं. गळा चार बारपैकी निम्मेच घेतो. उरलेल्या जागेत गिटार किंवा ऑर्गन बोलतो. त्या जागा मोकळ्या नसतात, तिथे संवादाची दुसरी बाजू असते.

स्वरांचंही थोडं. ब्लूजचा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंमध्ये कुठेतरी लटकत असतो आणि गायक-वादक तो ओढून-ताणून घेतात. श्रुतींची सवय असलेल्या कानाला तो पियानोवर वाढलेल्या कानापेक्षा लवकर सापडतो, असा माझा अनुभव आहे. तुमची बाजू इथे भक्कम आहे.

हे ऐकायला अल्बमचा दुसरा ट्रॅक घ्या, 'डर्ट रोड ब्लूज'. साचा अगदी उघडा आहे. कच्च्या रस्त्याने चालत राहीन, कुणीतरी गाडीत घेईपर्यंत: ही ओळ दोनदा, मग तिसरी, उत्तराची. दोन्ही वेळा शब्द तेच, पण दुसऱ्यांदा खालची कॉर्ड बदललेली असते, त्यामुळे त्याच शब्दांवर उजेड वेगळा पडतो. शिवाय डिलन दुसऱ्यांदा ओळ त्याच जागी सुरू करेल याची खात्री नाही. कधी अर्धी मात्रा आधी उचलतो, कधी मागे रेंगाळून शेवटचे शब्द घाईने कोंबतो. बोलबनाव ऐकताना आपण करतो तेच इथे करा. तोच बोल दुसऱ्यांदा आला की विचारा, यावेळी काय बदललं? चार कडव्यांत कान तयार होतो. गाणं तसं किरकोळ आहे, धावत्या शफलचं, म्हणजे झुलत्या, लंगडी घातल्यासारख्या ठेक्याचं. समीक्षक त्याच्याकडे फारसं बघत नाहीत, पण शिकायला याहून सोपं नाही. शीर्षकात चार्ली पॅटनला नमस्कार आहे. मिसिसिपीच्या डेल्टातल्या या गायकाने १९२९ साली 'डाउन द डर्ट रोड ब्लूज' रेकॉर्ड केलं होतं.

मग चौथा ट्रॅक, 'मिलियन माइल्स'. इथे साचा तोच, पण ओळ दोनदा म्हणण्याऐवजी डिलन दोन वेगळ्या ओळी देतो आणि शेवटी पालुपद आणतो: तुझ्याजवळ यायला बघतोय, पण अजून कित्येक मैल लांब आहे. प्रत्येक कडव्यात पालुपदाकडे येण्याची वाट वेगळी. ऑर्गन मागे दबून, जणू पाय न वाजवता चालतो. तो ऑगी मायर्सचा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा हा माणूस. सर डग्लस क्विंटेट नावाच्या जुन्या बँडमध्ये व्हॉक्स ऑर्गन वाजवायचा. त्याची खासियत ही की तो कमी वाजवतो आणि अचूक फटीत वाजवतो.

तुम्ही कंट्री या अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताचं विचारलं नाहीत, पण त्याच्याशिवाय हा अल्बम अर्धाच कळतो. ब्लूज काळ्यांचा आणि कंट्री गोऱ्यांचं, ही वाटणी बऱ्याच अंशी रेकॉर्ड कंपन्यांच्या कॅटलॉगांनी केली. १९२० च्या दशकात त्यांनी एकाच प्रदेशातलं संगीत 'रेस' आणि 'हिलबिली' अशा दोन कप्प्यांत विकायला काढलं. गाणाऱ्यांनी त्या भिंती कधी मानल्या नाहीत. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर या निर्मात्याने केलेल्या ज्या रेकॉर्डिंगपासून कंट्रीचा इतिहास सुरू झाला असं मानतात, त्यात जिमी रॉजर्स होता. त्याची गाजलेली 'ब्लू योडेल' गाणी (योडेल म्हणजे गळा खालून एकदम वर उडवत गायची तऱ्हा) उघडउघड बारा बारचे ब्लूज आहेत. १९३० साली त्याच्या नवव्या ब्लू योडेलवर ट्रंपेट वाजवला तो जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगने! कंट्रीचा मोठा गायक हँक विल्यम्स याला गिटारचे धडे मिळाले ते अलाबामात रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या काळ्या गायकाकडून. आणि 'टाइम आउट ऑफ माइंड' ज्या वर्षी आला, त्याच वर्षी डिलनने स्वतःच्या छोट्या कंपनीतर्फे जिमी रॉजर्सच्या गाण्यांना मानवंदना देणारा, अनेक गायकांचा अल्बम काढला होता. त्याच्या डोक्यात तेव्हा काय घोळत होतं, ते यावरून दिसतं.

हा कंट्रीचा धागा तुम्हाला 'स्टँडिंग इन द डोअरवे'मध्ये सापडेल. साडेसात मिनिटांहून मोठं, संथ गाणं. मागे स्टील गिटार लांबवर मींड घेत असते. तो आवाज तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांत जी 'हवाईयन गिटार' वाजते, तिचीच ही चुलत बहीण. स्टील गिटारचा उगम हवाई बेटांवरचा. तिथून ती अमेरिकेच्या दक्षिणेत जाऊन कंट्रीची ओळख बनली, आणि दुसऱ्या वाटेने भारतात आली. टाउ मो हा हवाईचा वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होता. पुढे व्हॅन शिप्लींनी ती सिनेमात रुजवली, आणि ब्रिजभूषण काब्रा, विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यावर राग मांडले. तेव्हा स्टील ऐकताना परक्या गावात आल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

आता आवाज. फाटका आहे, हे मान्यच. वरचे स्वर गेलेत, श्वास आखूड झालाय, घशात वाळू आहे. पण त्याच्याकडे एकच आवाज कधीच नव्हता. १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मध्ये कंट्री गायक जॉनी कॅशबरोबर गाताना त्याने इतका गुळगुळीत, गोड गळा लावलाय की नवा माणूस ओळखणारही नाही. गाण्याला हवा तो गळा काढायची त्याला सवय. ब्लूजमध्ये तर स्वच्छ आवाजाला वेगळं मोल नाही. पॅटन इतका घोगरा होता की त्याचे शब्द लागायला आजही कष्ट पडतात. सन हाउस, मिसिसिपी जॉन हर्ट ही जुनी ब्लूज मंडळी साठी-सत्तरीत पुन्हा शोधून काढली गेली आणि तेव्हाच्या त्यांच्या थकलेल्या रेकॉर्डिंगवर एक अख्खी पिढी शिकली. गंमत पुढेच आहे. १९९८ च्या ग्रॅमी सोहळ्यात हा अल्बम वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरला, आणि शिवाय याच फाटक्या आवाजाला 'कोल्ड आयर्न्स बाउंड' या गाण्यासाठी रॉक गायकाचं सर्वोत्कृष्ट गायनाचं पारितोषिक मिळालं. मी पारितोषिकांना फार मानत नाही, पण हे योग्य माणसाला गेलं. त्या गाण्यात ड्रम आणि बास मागून दणके देतात आणि डिलन त्या दणक्यांच्या अधेमधे शब्द पेरत जातो. एकदाही ठोक्यावर पाय देत नाही. तालमीत कुणालाही हे करायला सांगून बघा. दोन ओळींत तो ठोक्यावर येऊन बसतो.

आता बँड आणि खोली, म्हणजे मूळ मिक्सचा मुद्दा. निर्माता होता डॅनिएल लॅन्वा. १९८९ चा 'ओ मर्सी' डिलनने त्याच्याबरोबरच केला होता. मधल्या काळात, १९९० नंतर, डिलनचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम आला नव्हता. १९९२ आणि ९३ मध्ये त्याने एकट्याने गिटार घेऊन जुनी लोकगीतं आणि ब्लूज यांचे दोन अल्बम केले. नवी गाणी घेऊन लॅन्वाकडे गेला तेव्हा त्याने पॅटनसारख्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकायला सांगितल्या: हा आवाज हवाय. जुन्या तबकड्यांत सगळे एका खोलीत बसून वाजवत, आणि कोण जवळ, कोण लांब ते ऐकू येई. लॅन्वाने ते आपल्या पद्धतीने घडवलं. एका वेळी डझनभर वादक खोलीत, दोन-दोन ड्रमर, दोन-दोन पेडल स्टील (पायाच्या कळांची स्टील गिटार). ड्रमवर जिम केल्टनर आणि त्याच्यासमोर तिशीही न गाठलेला जॅझवाला ब्रायन ब्लेड. केल्टनर म्हणजे १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर-हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी केलेल्या मैफिलीत रिंगो स्टारशेजारी बसलेला दुसरा ड्रमर. पियानो मेम्फिसच्या जिम डिकिन्सनचा, बास टोनी गार्नियरचा, स्लाइडवर सिंडी कॅशडॉलर, गिटारवर ड्यूक रोबिलार्ड.

एवढी माणसं एकदम वाजवायला लागली तर गोंगाट व्हायचा. तो झालेला नाही, कारण जो तो दुसऱ्याला वाट देतो. 'लव्ह सिक', पहिलं गाणं, हेडफोनवर ऐका. सुरुवातीला काही क्षण वाद्यं नुसती जुळवाजुळव करताहेत. मग ऑर्गनचे तुटक ठोके. मग डिलन, जणू जुन्या, छोट्या अँपमधून (गिटारच्या स्पीकरमधून) बोलल्यासारखा, आपल्या अगदी जवळ. बाकी सगळे त्याच्या मागच्या अंधारात. आवाजावर घातलेला हा खरखरीत लेप लॅन्वाचा. काहींना तो नाटकी वाटतो. मला या गाण्यात तो पटतो. दोन-तीन गाण्यांत, विशेषतः 'कान्ट वेट'मध्ये, जास्त होतो. (याच 'लव्ह सिक'वर पुढे अंतर्वस्त्रांची जाहिरात झाली आणि तीत स्वतः डिलन झळकला. असो.)

डिलनलाही तो लेप पुरता पटला नसावा. 'मिसिसिपी' हे गाणं याच सत्रातलं, पण त्याच्या ठेक्यावरून दोघांचं जमेना म्हणून ते बाहेर राहिलं. १९९८ ला शेरिल क्रो या गायिकेने ते गायलं, आणि २००१ च्या 'लव्ह अँड थेफ्ट'साठी डिलनने ते आपल्या मनासारखं पुन्हा केलं. तेव्हापासून निर्माता तो स्वतःच. 'जॅक फ्रॉस्ट' हे त्याचं त्या कामाचं टोपणनाव.

२७ जानेवारी २०२३ ला 'फ्रॅगमेंट्स' हा संच आला. त्यात मायकल ब्रावरने केलेलं नवं मिक्स आहे. लेप खरवडून काढलाय, आवाज कोरडा आणि पुढे आलाय, वाद्यं सुटी ऐकू येतात. 'स्टँडिंग इन द डोअरवे' आणि 'कान्ट वेट' यांचा त्यात निश्चित फायदा झालाय. पण 'लव्ह सिक' आणि 'कोल्ड आयर्न्स बाउंड' उघड्या उजेडात आणल्यावर त्यांचं थोडं पाणी उतरतं, असं माझं मत. शिकणाऱ्याला नवं मिक्स सोन्यासारखं आहे, कोण काय वाजवतंय ते कळतं. पहिल्या भेटीला मात्र मूळच हवं, कारण ती खोली, तो अंधार हा रचनेचाच भाग म्हणून बांधलेला आहे.

आता दोन गाणी जवळून. 'नॉट डार्क येट'. लय अतिविलंबित म्हणावी अशी. दोन-तीन गिटारी एकमेकींत गुंतलेल्या, कुणीही ठळक सूर धरत नाही. कडवी चार. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच पालुपद: अजून अंधार पडलेला नाही, पण पडायला आलाय. सुरुवातीला सावल्या उतरताहेत आणि माणूस दिवसभर इथेच आहे. ओळी लांबीला असमान. एखादीत दहा-बारा अक्षरं, पुढचीत वीस. ही वीस अक्षरं तो ठेका न हलवता कशी बसवतो, ते पाहा. ओळीच्या पहिल्या भागात निवांत, मग मधल्या शब्दांवरून घरंगळत जातो आणि यमकाच्या शब्दावर येऊन टेकतो. तेही समेच्या किंचित नंतर. पालुपदाला मात्र घाई करत नाही. चारही वेळा ते जवळजवळ सपाट, बातमी सांगितल्यासारखं म्हणतो. कळवळा आणला असता तर गाणं पडलं असतं. मी या गाण्याचे शब्द आधी वाचू नका असं सांगतो. वाचले की माणूस कविता शोधत बसतो आणि गायकाने ठेक्याशी चालवलेली ही खटपट त्याच्या कानावरून निघून जाते.

दुसरं, शेवटचं 'हायलँड्स'. साडेसोळा मिनिटं. घाबरू नका. गिटारचा एक छोटा फेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत तसाच चालू राहतो; तो एका जुन्या पॅटनच्या रेकॉर्डवरून डोक्यात घोळत होता असं डिलननेच सांगितलंय. पालुपदाचं मूळ स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सकडे जातं. मधेच एक प्रसंग येतो. बोस्टनमधलं हॉटेल, सुट्टीचा दिवस, आत फक्त हा आणि वेटर बाई. काय हवं ते त्याला ठरवता येईना. ती म्हणते, तुम्हाला उकडलेली अंडी हवी असणार. हा म्हणतो, आणा. अंडी संपलीत. मग ती म्हणते, तुम्ही चित्रकार दिसता, माझं चित्र काढा. हा म्हणतो, वही नाही. ती कागदी रुमाल पुढे करते. पेन्सिल कुठेय? ती कानामागून पेन्सिल काढते. हा चार रेघा मारतो. ती बघते आणि रुमाल परत भिरकावते: हे काही माझ्यासारखं नाही. हा म्हणतो, आहे, नक्कीच आहे. पुढे ती म्हणते, तुम्ही बायकांनी लिहिलेलं वाचत नाही. मग ती जरा आत जाते आणि हा हळूच सटकतो. एवढंच. या सगळ्या वेळात बँड हूं की चूं करत नाही, तोच फेरा. विनोदाच्या जागी कुणी ड्रमवर थाप देत नाही. 'रडगाणं' म्हणालात ना, त्यात हे बसतं का बघा. खालची ढोलकी शांत राहते म्हणून वगातला संवाद खुलतो, त्यातली ही गोष्ट आहे.

सगळंच थोर आहे असं मुळीच नाही. 'मेक यू फील माय लव्ह' या अल्बममध्ये उपरं वाटतं. साधं, गोड प्रेमगीत. अल्बम येण्याआधीच बिली जोएलचं रेकॉर्डिंग बाजारात होतं, १९९८ ला गार्थ ब्रुक्सने ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं, २००८ ला अडेलने जगभर पोचवलं. या तिघांनीही ते डिलनपेक्षा बरं गायलंय, आणि असं मी त्याच्या फार गाण्यांबद्दल म्हणणार नाही. त्याच्या बदली 'रेड रिव्हर शोअर' ठेवायला हवं होतं. याच सत्रातलं ते गाणं अकरा वर्षं पेटीत पडून राहिलं आणि २००८ ला 'टेल टेल साइन्स' या संचात बाहेर आलं. जिम डिकिन्सनलाही ते सत्रातलं सर्वांत उत्तम वाटलं होतं.

एक गोष्ट कुणीतरी तुम्हाला सांगणारच, म्हणून आधीच बोलतो: डिलन दुसऱ्यांच्या ओळी उचलतो. उचलतोच. 'ट्राइंग टू गेट टू हेवन'मध्ये जुन्या लोकगीतांतले आणि चर्चगीतांतले तुकडे ओळीओळीत आहेत. पुढच्या अल्बमांत तर एका जपानी आत्मकथनातल्या आणि हेन्री टिमरॉड या एकोणिसाव्या शतकातल्या कवीच्या ओळी लोकांनी हुडकून काढल्या. ब्लूजमध्ये ओळी फिरत्या असतात. जात्यावरच्या ओवीतली पहिली ओळ गावोगाव तीच असते आणि दुसऱ्या ओळीत ज्या त्या बाईचा भाऊ, माहेर, दुखणं येतं, तसंच इथे. तेव्हा ओळ उचलण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती श्रेयाबद्दल. २००६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये 'रोलिन अँड टंबलिन'खाली एकट्या डिलनचं नाव आहे. ते गाणं हँबोन विली न्यूबर्नने १९२९ ला आणि मडी वॉटर्सने १९५० ला गाऊन ठेवलेलं होतं. ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी कधी स्वामित्वधन घेतलं नाही, डिलन घेतो. २००९ च्या 'टुगेदर थ्रू लाइफ'मध्ये एका चालीचं श्रेय त्याने विली डिक्सन या ब्लूज गीतकाराला नीट दिलंय. म्हणजे देता येत होतं.

आता व्यवहाराचं. फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर अर्धा अल्बम ऐकलेलाच नाही, कारण गार्नियरचा बास तिथे पोचतच नाही, आणि बासशिवाय डिलन ठेक्याच्या मागे आहे की पुढे ते कळायला आधारच उरत नाही. बरे हेडफोन किंवा खोलीतले जरा मोठे स्पीकर, आवाज मध्यम. ॲपवरचं शफल बंद करा. ७३ मिनिटं एका बैठकीत ऐकायचा हट्ट नको. पहिल्या दिवशी 'डर्ट रोड ब्लूज' आणि 'मिलियन माइल्स', साचा कानात बसेपर्यंत. मग 'स्टँडिंग इन द डोअरवे' आणि 'नॉट डार्क येट', फक्त गळा आणि ठेका यांच्यातलं अंतर मोजत. मग 'कोल्ड आयर्न्स बाउंड' जरा मोठ्याने. 'हायलँड्स' रविवारी. शब्द वाचायचे ते त्यानंतर.

हे जमलं आणि पुढे जावंसं वाटलं, तर मागे जा. डिलनचा १९९३ चा 'वर्ल्ड गॉन रॉंग' ऐका, एकटा माणूस आणि एक गिटार. त्याच्या जोडीला जिमी रॉजर्सचे दोन-चार ब्लू योडेल आणि पॅटन. पॅटनच्या तबकड्या फार घासलेल्या आहेत, खरखर सोसावी लागेल. पुढे यायचं तर 'लव्ह अँड थेफ्ट' सगळ्यात मजेचा. मी वर 'टुगेदर थ्रू लाइफ' म्हणालो, तो तुम्हाला कदाचित लवकर आवडेल, कारण त्यात डेव्हिड हिदाल्गोचं अकॉर्डियन जवळजवळ प्रत्येक गाण्यात आहे आणि नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला पेटीच्या जातीचं काही ऐकलं की बरं वाटतं. आणि प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आलाय. पहिल्याच वर्षी बडी गाय हा नामवंत ब्लूज गिटारवादक येऊन गेला. मुलीला घेऊन जा. दोन ओळींच्या मधल्या जागेत गिटार काय करते ते समोर बसून ऐकलं की माझं हे सगळं लांबण वाचायची गरज राहणार नाही.